पाइपाच्या मारोतीची खोळ

मोहबोडीच्या ढिवरटोल्यात, गावाखालच्या मासेमारांच्या वस्तीत, नळ होता. पाणी मात्र नव्हतं. तोटी फिरवली की आधी म्हाताऱ्याच्या घशात कफ अडकावा तसा आवाज यायचा आणि मागाहून नुसता वारा. सुगंधाबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून, कपाळाला हळदकुंकू लावून घागर घेऊन नळावर जाई. तोटी फिरवी. वारा ऐके. मग कमरेवर हात ठेवून म्हणे, "नळ होय का फुकणी होय हा? चुलीपाशी नेऊन लावा याले. जाळ तरी धरंन."

बायका हसत. हसून झालं की सगळ्याजणी त्याच घागरी घेऊन नाल्याकडे चालू लागत. नाल्याच्या रेतीत खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं, आणि करवंटीनं ते घागरीत भरायचं. याला टोल्यात झिरा म्हणत. उन्हाळ्यात झिऱ्याजवळ बसून बसून बायकांच्या लेका-लेकींची लग्नं ठरत, मोडत, पुन्हा ठरत. घागर तेव्हा कुठे गळ्याशी येई.

सुगंधाबाईचं माहेर वैनगंगेच्या काठचं. तिथे अंगणातून खाली उतरलं की नदी. बाप मासे धरायचा, आणि पाण्याला कधी कोणी 'आणायला' जात नसे, ते होतंच. लग्न होऊन मोहबोडीला आली, तर दुसऱ्याच दिवशी सासूनं हातात करवंटी दिली आणि रेतीत नेऊन बसवलं. त्या दिवशी तिला जो राग आला, तो काही पुढे पुरता उतरला नाही. सुगंधाबाई तशी वाईट नव्हती. सोमवार धरायची, शनिवार धरायची, दारावरून गोसावी रिकामा जाऊ द्यायची नाही. पण देवाशी तिचं बोलणं सासुरवाशिणीचं नव्हतं, माहेरवाशिणीचं होतं. दिवा लावता लावता ती देवाला सुनावत असे, आणि सुनावता सुनावता डोळे मिटून हात जोडत असे. दोन्ही तितकंच खरं.

नवरा इस्तारी अगदी उलटा. पाण्यात बुडी मारली तर इतका वेळ खाली राहायचा की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी असलेली माणसं रडायच्या बेतात येत. जमिनीवर मात्र त्याला दोनच शब्द येत: "हो जी" आणि "नाई जी". पंचवार्षिक योजनेत मोहबोडीला नळयोजना मिळाली, तलावाच्या पाळीखाली विहीर खोदली, तिच्यावर इंजन बसलं, टेकडीवर टाकी झाली. विहिरीच्या तळाची जाळी गाळानं बुजली की ती साफ करायला बुडी मारणारा माणूस लागे, म्हणून इस्तारीला बोलावलं. पाइप जोडणाऱ्या मिस्त्रीनं पाहिलं, गडी सांगेल ते करतो. त्यानं हातात पाना दिला. मिस्त्री शहरात परत गेला, पाना इस्तारीजवळ राहिला, आणि ग्रामपंचायतीनं त्याला गावचा नळवाला करून टाकलं.

नळ टोल्यात आला तेव्हा सासू नव्हती. आदल्या पावसाळ्यातच गेली. "नळ येनार म्हणते बाप्पा, पाहू तं," म्हणत म्हणत गेली. पहिले काही महिने पाणी यायचंही, बोटाएवढी धार. मग करंगळीएवढी. मग वारा. आणि आता चांद्याहून आलेले ओव्हरसियर साहेब तोटीला कान लावून, टोपी काढून, डोकं खाजवून सांगून गेले होते: "इथवर दाब पोचत नाही. दुसरं एक गाव पाइपासाठी मागं लागलं आहे. अक्षय्यतृतीया झाली की मी येतो. तेव्हाही असंच कोरडं असेल, तर बाजारापासून खालचा पाइप उपटून त्या गावाला देऊ. इथे पुरून ठेवून काय गंजवायचा?"

बोलणं वाईट नव्हतं, खरंच होतं. म्हणूनच सुगंधाबाईला ते जास्त झोंबलं. टोल्यातला नळ एकदा उपटला की पुन्हा कोण देतो? करवंटी आहेच मग, तिलाही आणि तिच्यामागून येणाऱ्या सुनांनाही.

पाणी जात कुठे होतं, हे काही गुपित नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं. गाव त्याला रोज नमस्कार करत होतं.

झालं होतं असं. टाकीकडून येणारा पाइप बाजारात एका काळ्या खडकाशी अडला. खडक फुटेना, तेव्हा मिस्त्रीनं पाइप जमिनीवर काढला, खडकावरून वाकवला आणि पलीकडे पुन्हा जमिनीत घातला. वाकवला तिथे एक जाड जोड. जोडात सुतळी भरायची, जवसाच्या तेलात खलवलेली लाल भुकटी फासायची, आणि आवळायचं. मिस्त्री गेल्यावर तो जोड पहिल्यांदा पाझरला. इस्तारीकडची लाल भुकटी संपली होती. सरपंच गुणवंतरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "लिहितो." लिहितो म्हणजे काय ते इस्तारीलाही कळत होतं. त्यानं किराणा दुकानातून मारोतीच्या शेंदराची पुडी आणली. दिसायला तीच, हाताला तीच, आणि दुकानदारही म्हणाला तीच. जवसाच्या तेलात खलवली, आणि एक थेंबही गळू नये म्हणून त्यानं तो जोड वरून खालून, मागून पुढून, हात सोडून माखला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाजाराला आलेल्या एका म्हातारीला खडकावर शेंदरी काहीतरी बसलेलं दिसलं. गोल खांदे, वाकलेली मान. पुढेमागे दुसरी शाखा काढता यावी म्हणून मिस्त्रीनं मागे पाइपाचा एक तुकडा सोडला होता, तो शेपटासारखा. म्हातारीनं हात जोडले आणि रुईचं फूल वाहिलं. संध्याकाळपर्यंत रुईच्या पानांची माळ आली. पुढच्या शनिवारी नारळ फुटला. शेजारी पानठेला चालवणाऱ्या नानाजींनी चार दगड रचून पार केला, बांबूला भगवं फडकं बांधलं, आणि पान लावता लावता दिवाही लावू लागले. लोक त्याला पाइपाचा मारोती म्हणू लागले. सुगंधाबाईनंही येता-जाता हात जोडलेच. शेंदूर दिसला की तिचे हात आपोआप जुळत. डोक्याला विचारायला ते थांबत नसत.

मग जोड पुन्हा पाझरला, आणि यावेळी पाझराला नाव मिळालं: तीर्थ. लोक तांब्यात धरून घरी नेऊ लागले. नानाजी दर शनिवारी त्यावर शेंदराचा नवा थर देत, म्हणजे गळती वरून झाकली जाई आणि आतून वाढे. उन्हाळा लागेपर्यंत देवाच्या पायाखालून चांगला ओघळ वाहू लागला. तीर्थ वाया जाऊ नये म्हणून नानाजींनी तिथून आपल्या भाजीच्या वाडीपर्यंत एक लहानशी नाली काढली. नानाजींची वांगी त्या वर्षी फार चांगली आली.

ओव्हरसियर साहेब सांगून गेले त्याच दिवशी सुगंधाबाईनं इस्तारीच्या हातात पाना देऊन त्याला बाजारात पाठवलं. तो जसा गेला तसाच परत आला आणि ओट्यावर बसला. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"काय झालं?"

"काई नाई."

"काई नाई म्हणजे पाणी नाई. पाना फिरवला का?"

"लोकं म्हणते, मान पिरगाळू नको."

"कोनाची मान?"

"मारोतीची."

"अन् तुमी काय म्हणले?"

"नाई जी, म्हणलो."

सुपातले तांदूळ एकदा फार उंच उडाले. "पाण्याखाली घटकाभर राह्यता, अन् चार मान्सात तोंड उघडलं का बुडता! शेंदूर कोनं लावला त्याले?"

"म्या."

"मंग सांगा ना तसं!"

"सांगतलं." इस्तारी नखानं ओटा कोरू लागला. "नानाजी म्हणते, तू कोन लावनारा? मारोतीनं तुह्या हातून लावून घेतला."

यावर सुगंधाबाई अधिकच चिडली. कारण दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तिनंही हेच म्हटलं असतं.

ती स्वतः गुणवंतरावांकडे गेली. ते ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. सज्जन माणूस. कोणाला उभं ठेवत नसत, कोणाला दुखवत नसत, आणि कोणाचं काम करत नसत.

"भाऊ, तुमची धानाची शेती हाय," ती म्हणाली. "वरच्या बांधीची धुरा फुटली, तं खालच्या बांधीत पाणी येईन काय?"

"बांधच फुटला तं कसं येईन?" गुणवंतरावांनी मान हलवली.

"मंग आधी काय कराव लागते?"

"धुरा बांधाव लागते."

"मंग बाजारातली धुरा कवा बांधता?"

गुणवंतरावांची मान हलता हलता मधेच थांबली. "ते वेगळं हाय, सुगंधाबाई. ते काम देवाचं हाय, नाजूक हाय. पंचायतीत ठराव घ्याव लागन."

"काय ठराव?"

"का तो देव हाय का जोड हाय."

"अन् ठराव होईपावतर?"

"तवर दोन्ही हाय."

सुगंधाबाईनं कपाळावर हात मारला. "तुमीबी हो जी, अन् माह्या घरचाबी हो जी. या गावात नाई म्हणनारा एकटा नळच हाय."

गुणवंतरावांनी यालाही मान हलवली.

तिथून ती तडक पानठेल्यावर गेली. शेजारची गिरजा वाटेत भेटली, ती सोबत आली. नानाजी देवापुढचं तीर्थ कोणाच्या तरी तांब्यात भरून देत होते. सुगंधाबाईनं आधी नीट सांगितलं. टोल्यात पाणी नाही, पाइप उपटून नेतील, जोड एकदा उघडून आवळू द्या. नानाजींनी तिच्याकडे फार दयेनं पाहिलं.

"बाई, देव काय डबा हाय, उघडून पाहाले? तूच शनिवार करते, अन् तूच असं बोलते?"

"देव बंद नका करू, पाणी बंद करू द्या."

"पाणी नोहे ते. तीर्थ हाय."

"तीर्थावर वांगे कोन पिकवते, नानाजी?"

आजूबाजूचे हसले. नानाजींचा चेहरा लाल झाला. "देवाचा प्रसाद हाय तो! ज्याच्यावर किरपा त्याच्या वाडीत जाते. तुमच्या टोल्यावर नसन किरपा."

आणि इथे सुगंधाबाईचा तोल गेला. "कोनता देव अन् कायची किरपा? पाइप हाय तो! लोखंडाचा पाइप!"

कोणीतरी "शिव शिव" म्हटलं. गिरजानं तिचा पदर ओढला. सुगंधाबाई मागे वळली. काल याच लोखंडाला तिनं हात जोडले होते. खरं बोलली होती, पण बोलून जिभेला चटका बसल्यासारखं झालं.

त्याच दुपारी गिरजाची शेळी मेली. ती आधीच मरायला टेकली होती, सगळ्या टोल्याला ठाऊक होतं, तरी संध्याकाळी टोल्यातल्या बायका सुगंधाबाईच्या अंगणात आल्या.

"जाऊन नारळ फोड व बाई," गिरजा म्हणाली. "पाणी नाई तं नाई. मारोती तं नको रागावू दे."

"तुमच्याचसाठी भांडून राह्यली ना मी?"

"आमी कुठी म्हणलो भांड म्हणून? आमाले झिरा हाय."

विंचवाला पाण्यातून काढावं आणि त्यानंच नांगी मारावी, तसं झालं. सुगंधाबाईनं चुलीत पाणी ओतलं, फडफडणारी कोंबडी हाकलली, इस्तारीला "जेवाले या" म्हणून असं ओरडून सांगितलं की तो भूक नसतानाही पानावर येऊन बसला.

शनिवार आला. तिचा उपास होता. पाइपाच्या मारोतीकडे जायची हिंमत नव्हती आणि मनही नव्हतं, म्हणून ती तलावाच्या पाळीवरच्या जुन्या मारोतीकडे गेली. तिकडे आता कोणी जात नसे. सगळे बाजारातल्या नव्याकडे. जुना बिचारा पळसाखाली एकटा, माथ्यावर वाळलेली पानं. तिनं पानं काढली, तेल घातलं, आणि मोकळी झाली.

"तुह्या नावावर पाइप गळून राह्यला, अन् तू इथी उगामुगा बसला. बायका माह्यावर उलटल्या, शेळीबी माह्याच नावावर मेली. बोलत काऊन नाई? तुलेबी ठरावच लागते काय?"

बोलता बोलता तिचा हात देवाच्या खांद्यावरून फिरत होता. बोटांना काहीतरी लागलं. शेंदराचा जाड थर खांद्याशी तडकून वर उचलला गेला होता. खाली पोकळ वाजत होतं.

तिला एकदम माहेर आठवलं. ती लहान असताना गावच्या मारोतीनं खोळ सोडली होती. वर्षानुवर्षं थरांवर थर चढलेलं ते शेंदराचं कवच आपोआप सुटलं. गाव जमलं, ढोल लागले, खोळ टोपल्यात घालून वैनगंगेत शिरवली, म्हणजे विसर्जित केली, आणि आतून निघालेल्या लहानशा काळ्या देवाला न्हाऊ घालून पुन्हा नवा शेंदूर चढवला. बाप म्हणाला होता, खोळ जुनी झाली का उतरवावीच लागते बाई. नाई उतरवली तं देव आत गुदमरते.

सुगंधाबाई मटकन पाळीवर बसली. मग उठली आणि देवाकडे बोट करून म्हणाली, "हे आधी सांगाले काय झालं व्हतं?" पायऱ्या उतरता उतरता तिनं मागे वळून नमस्कार केला, तोही जरा रागातच.

बाजारात शनिवारची गर्दी होती. तिला येताना पाहून नानाजी तयारच झाले. पण ती भांडली नाही. पारापाशी पदर सावरून वाकली, नमस्कार केला, देवाकडे जवळून पाहिलं, आणि इतक्या मोठ्यानं कपाळ बडवून घेतलं की वांगी विकणारी बाईसुद्धा उठून उभी राहिली.

"अवं माय माय माय! नानाजी, देवानं खोळ सोडली अन् तुमाले दिसली नाई?"

"खोळ? कुठी?"

तिनं नखानं थराची कड उचलली. आतून पाण्यानं तो कधीचाच सुटला होता. पोळीएवढा शेंदराचा पापुद्रा तिच्या तळहातावर आला आणि मागून पाणी चुळूक करून उडालं. गर्दीतून "अगा बापा!" निघालं. जे मागे होते ते पुढे आले, पुढचे मागे सरकले.

"पाहा, पाहा सारेजन! कवापासून ओल्या अंगानं बसून राह्यला देव. अन् तुमी वरून थापून राह्यले शेंदूर! तुमी बसान काय, नानाजी, उन्हाळाभर ओल्या धोतरानं? मंग शेळ्या मरनार नाई तं काय होईन?"

शेळीचं कारण लोकांना एकदम पटलं. गिरजाला तर फारच पटलं. सगळे नानाजींकडे पाहू लागले. देवानं खोळ सोडावी आणि पुजाऱ्याला पत्ता नसावा, यापेक्षा मोठी नामुष्की ती काय? नानाजींचा हात आपोआप धोतराच्या निऱ्यांकडे गेला.

"मंग आता?" ते हळूच म्हणाले.

"आता काय. विधी. समदी जुनी खोळ उतरवाची. पोटातली सुतळी-गितळी समदं निर्माल्य. देव न्हाऊन कोरडा होईपावतर इंजन बंद; वरून थेंब नाई याव. भवताली आडपडदा. मंग जवसाच्या तेलात नवा शेंदूर."

"मारोतीले गोडं तेल लागते," एकजण म्हणाला.

"याले जवसाचंच लागते. पयला शेंदूर कायच्यात खलवला व्हता, विचारा."

इस्तारी गर्दीच्या कडेला उभा होता. "जवसाच्याच, हो जी," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याचं हो जी सुगंधाबाईच्या कामी आलं.

नानाजींनी घसा साफ केला. "ठीक हाय. मी उतरवतो खोळ."

"तुमी कसे? मारोतीनं पयला शेंदूर ज्याच्या हातून लावून घेतला, तोच हात पायजे. तुमीच तं म्हणले व्हते."

नानाजी बाजूला सरले. गुणवंतराव तेवढ्यात कुठूनसे आले होते. त्यांनी मान हलवली, आणि लोकांनी तो ठराव समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजन बंद झालं. गुणवंतरावांच्या घरची सतरंजी आडपडद्याला आली. पडद्याआड इस्तारी, बाहेर सगळं गाव, आणि दोघांच्या मधे सुगंधाबाई, हातात कडुनिंबाची डहाळी घेऊन. आतून ठण ठण आवाज येऊ लागला.

"देवाले मारते काय व तो?" एका म्हातारीनं विचारलं.

"खोळ निबर हाय, आजी."

थोड्या वेळानं सतरंजीच्या कडेतून इस्तारीचा घामेजलेला चेहरा बाहेर आला. "मान फिरून नाई राह्यली," तो कुजबुजला.

"मंग फिरवा ना जोरानं!"

"आवाज होईन."

सुगंधाबाई गर्दीकडे वळली. "नानाजी, असे मुके काऊन उभे? देव न्हाऊन राह्यला, जयजयकार करा!" नानाजींनी केला. सगळ्या बाजारानं केला. त्या गजरात आत काहीतरी कर्रर करून फिरलं.

जोडाच्या पोटातली सुतळी कुजून काळा चिखल झाली होती. इस्तारीनं ती बोटानं उकरून काढली, आटे घासले, नवी सुतळी तेल-शेंदरात भिजवून गुंडाळली, आवळलं, पुन्हा आवळलं, आणि वरून माखलं. जुनी खोळ टोपल्यात भरून नानाजींनी डोक्यावर घेतली आणि वाजतगाजत तलावात शिरवली. इथवर सगळं नीट झालं. पण शेंदूर वाळायला वेळ हवा होता, आणि लोकांना धीर नव्हता. दर थोड्या वेळानं कोणीतरी तांब्या घेऊन अभिषेकाला यायचं.

"देव वाळून राह्यला! दिसत नाई काय?" सुगंधाबाई डहाळी उगारायची.

"थोडंसंच घालतो जी."

"थोडंसंच घालून तं हे दिवस आले!"

जेवायलाही न उठता ती सूर्य कलेपर्यंत त्या खडकापाशी बसून होती. पारावरचा मारोती सुकत होता आणि तिचा घसा सुकत होता.

इंजन दुसऱ्या सकाळी चालू झालं. टोल्यातल्या नळानं आधी वारा दिला, मग तो खोकला, मग त्यानं गंजाचं तांबडं पाणी थुंकलं, आणि मग धार आली. बोटाएवढी. मग अंगठ्याएवढी. गिरजा ओरडली, बायका धावल्या, आणि ज्यांना झिरा पुरत होता त्याच सगळ्यांत आधी रांगेत उभ्या राहिल्या. सुगंधाबाई आपली घागर घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली.

अक्षय्यतृतीयेला तिनं सासूच्या नावानं मातीची नवी घागर नळावर भरली, पाटावर मांडली, वर खरबूज ठेवलं, चिंचगुळाचं चिंचवणी केलं. हात जोडून म्हणाली, "घ्या आत्याबाई, प्या पोटभर. एक पावसाळा अजून थांबाले काय झालं व्हतं तुमाले?" आणि मग डोळ्याला पदर लावून उगाच चुलीच्या धुरावर चिडली. चूल त्या वेळी पेटलेली नव्हती.

दोन-चार दिवसांनी ओव्हरसियर साहेब आले. टोल्यातल्या नळाखाली हात धरला, पाणी प्यायले, आणि पाइप उपटायची गोष्ट पुन्हा काढली नाही. त्या गावाला दुसरीकडून पाहू, म्हणाले. परत जाताना बाजारात खडकावर फुलांत बुडालेला जोड पाहून ते थबकले.

"हे काय आहे?"

इस्तारी हातातल्या पान्याशी चाळा करू लागला. सुगंधाबाई पुढे झाली. "देव हाय, सायेब. दरसाली हनुमान जयंतीच्या आधी याची खोळ उतरवून नवी चढवाव लागते."

"दरसाल?"

"दरसाल. पाना घेऊन."

साहेबांनी जोडाखाली बोट फिरवलं. कोरडं. त्यांनी एकदा देवाकडे, एकदा पान्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि नमस्कार करून निघाले. गुणवंतरावांनी मान हलवली.

इथे गोष्ट संपली असती, तर सुगंधाबाईला थोडं सुख मिळालं असतं. पण तीर्थ बंद झालं होतं. नानाजींची वांगी माना टाकू लागली होती. एक-दोघांनी इस्तारीला "थोडासा ढिला कर ना गड्या" असंही सुचवून पाहिलं. यावेळी त्यानं "नाई जी" म्हटलं, आणि ते बरोबर ठिकाणी म्हटलं. तेव्हा नानाजींनी जाहीर केलं की तीर्थ आटलेलं नाही, खाली सरकलं आहे. मारोतीची किरपा आता टोल्यावर आहे.

वरच्या गावातल्या बायका तांबे घेऊन टोल्यात येऊ लागल्या. ज्यांनी कधी या वाटेला पाय ठेवला नव्हता, त्या नळाला फूल वाहून, तांब्या भरून, भक्तिभावानं निघून जायच्या. आणि तोटी तशीच वाहती सोडायच्या, तीर्थ कोणी बंद करतं का म्हणून.

"वो माय!" सुगंधाबाई ओट्यावरून ओरडायची. "ते बंद कराले काय मारोती येईन?"

एका सकाळी ती घागर घेऊन नळावर आली. पाणी भळाभळा मातीत चाललं होतं. आणि तोटीला, वरून खालून, कोणीतरी शेंदूर फासून ठेवला होता. ताजा, झळझळीत. वर एक रुईचं फूल.

"अरे देवा," ती म्हणाली, आणि ओल्या पदरानं तो खसाखसा पुसू लागली. "इथी नाई. इथी मुयीच नाई बसाचं. बाजारात दिली तुले जागा, पाळीवर दिली जागा, आता टोल्यात येऊन आमच्याच नळावर चढतो काय? पाणी पिऊ देशीन का नाई बाया-मान्साले?" शेंदूर निघेना. पदर शेंदरी झाला, बोटं शेंदरी झाली, तोटी थोडी लालच राहिली.

ती दमून थांबली, तर तिचे दोन्ही हात आपोआप जुळलेले होते.

"तुमीबी ना!" ती आपल्याच हातांवर खेकसली, आणि त्यांच्याचकडून तोटी घट्ट पिळून बंद केली.